पोटखराबा

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात, लागवडीयोग्य जमिनीच्या आकड्याखाली 'पोटखराब' असा एक शब्द असतो. घेणाऱ्याची नजर त्याच्यावरून घसरून पुढं जाते. पिकत नाही त्यात काय बघायचं? त्यातही दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडकाळ, मुरमाड, पण कुणी अंग मोडून राबलं तर उद्या लागवडीला येईल अशी जागा. 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, मसणवटा. चार लोकांच्या उपयोगाची, म्हणून सरकारनं जिच्यावर सारा बसवला नाही अशी. भूमी अभिलेख खात्यात मी बत्तीस वर्षं भूकरमापक होतो आणि हा फरक बांधावर उभं राहून शेकडो लोकांना समजावला. आमच्या घरच्या गटात चौदा गुंठे पोटखराब 'ब' होता. तो आम्ही विकला.

गावाचं नाव लिहीत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचं, पुण्याहून गाडीनं दोन तासांवरचं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या असं सरकारनं २०१४ मध्ये ठरवलं, त्यात आमचीही झाली. पाटी बदलली, शिक्का बदलला, घरपट्टी वाढली. नळाला पाणी मात्र पूर्वीसारखंच एक दिवसाआड आणि तेही पहाटे. २०१७ साली निवृत्त होऊन मी गावी परतलो तेव्हा बाजारपेठ संपली की शेतं सुरू व्हायची. आता बाजारपेठ संपली की फलक सुरू होतात. त्यावर सूर्योदय, सायकलवरची मुलगी आणि 'शहराच्या गोंगाटापासून दूर'. आम्ही इथं जन्मभर त्या गोंगाटापासून दूरच होतो, पण त्याचे कुणी पैसे देतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

आमच्या ओढ्याला नाव नाही. म्हसोबाच्या माळावरून निघतो, आमच्या गटातून तिरका उतरतो, गावठाणाच्या मागून खालच्या आळीला वळसा घालून नदीला मिळतो. आठ महिने कोरडा. त्यात पोरं गोट्या खेळायची, म्हशी बसायच्या. पाऊस धरला की मात्र दोन तासांत कमरेइतकं गढूळ पाणी, आणि उघडल्यावर तेवढ्याच घाईनं खाली. पाहुणा उन्हाळ्यात आला तर त्याला ही नुसती खोलगट पट्टी वाटावी. जमीन बघायला माणसं उन्हाळ्यातच येतात.

२०१८ च्या मार्चमध्ये आमचा व्यवहार ठरला. साडेतीन एकरांचा गट, पाच हिस्सेदार. शेजारच्या दोन गटांनी आधीच होकार दिला होता. सगळी मिळून अकरा एकरांवर एकशे दहा घरांची योजना होणार होती. आमच्यात कसणारा एकटा धाकटा चुलतभाऊ. बाकीचे आम्ही नोकरीधंद्यातले, वर्षाला पोतंभर इंद्रायणी नेणारे. त्याच्या गुडघ्यानं दगा दिला होता, मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागला होता. त्यानं विकायचं म्हटल्यावर त्याला 'विकू नको' म्हणायला कोणत्या तोंडानं जायचं? गुंठ्याला सव्वा लाख भाव निघाला. घेणाऱ्याचा माणूस म्हणाला, एकशे चाळीसातले चौदा गुंठे ओढ्याखाली आहेत, ते वजा करू.

चुलतभावानं माझ्याकडं बघितलं. "आण्णा, चौदा गुंठं सोडायचं व्हय? गटात धरल्यात न्हवं?"

मी म्हणालो, "सातबाऱ्यावर आहेत, म्हणजे आहेत. पैसे सगळ्या क्षेत्राचे."

घासाघीस करून ते मान्य झालं. चौदा गुंठ्यांचे साडेसतरा लाख, माझ्या वाट्याला त्यातले साडेतीन. वरच्या खोलीचा स्लॅब त्यातच झाला. बत्तीस वर्षं लोकांना पोटखराबा 'ब'चा अर्थ सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी तो आठवला नाही असं नाही. आठवला, आणि गप्प बसलो. ओढ्याचे पैसे घेतल्यावर घेणारा तो ओढा म्हणून ठेवील, ही अपेक्षा कशी करायची? त्याच्या हिशेबी ती प्लॉटच्या भावानं घेतलेली जागा होती.

पुढची दोन वर्षं तिथं गवत वाढलं. २०२० च्या डिसेंबरात पोकलेन आला आणि आठ दिवसांत ओढा दिसेनासा झाला. तीन सिमेंटच्या नळ्या टाकल्या, वर मुरूम, त्यावर रस्ता. रंगीत माहितीपत्रकात त्या पट्टीवर हिरवळ होती आणि तिला 'जॉगिंग ट्रॅक' म्हटलं होतं. सवयीनं मी मापं घेतली. नळीचा व्यास तीन फूट. एका नळीचं तोंड सात चौरस फूट, तिन्हींचं एकवीस. ओढ्याचं पात्र वीस फूट रुंद आणि सहा फूट खोल, म्हणजे एकशे वीस. सहा माणसं जायची त्या दारातून आता एक जाणार. घरी येऊन हे वहीत लिहून ठेवलं आणि चहा घेतला. तेव्हा कुणाकडं गेलो नाही. हे मुद्दाम सांगतोय, पुढं उपयोगी पडेल.

२०२१ च्या जुलैत २२ तारखेला चिपळूण बुडालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच पावसात महाबळेश्वरात चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. आमच्याकडं तेवढा नव्हता. पण नळ्यांच्या तोंडाशी ऊस, प्लॅस्टिक आणि बाभळीच्या फांद्या अडकल्या, पाणी मागं फुगलं आणि वरच्या अंगाच्या शेतात शिरलं. भाताची रोपं लावून पाच दिवस झाले होते, ती सगळी वाहून गेली. रात्री दहाच्या सुमारास पाण्यानं मुरमाच्या रस्त्यावरून उडी घेतली आणि खालच्या आळीत शिरलं. माणूस दगावलं नाही. तेवीस घरांत गुडघाभर पाणी, दोन शेरडं गेली, शाळेच्या स्वयंपाकघरातले तांदूळ भिजले. खालच्या आळीतल्या लोकांनी पूर बघितले नव्हते असं नाही, पण ते नदीकडून यायचे, पुढच्या दारानं, सांगून. हे पाणी मागच्या दारानं आलं.

माझी पुतणी पुण्यात सहकारनगरला असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी तिच्या सोसायटीत शिरलं होतं. त्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या पुराचं ऐकून फोनवर ती एवढंच म्हणाली, "काका, आमच्या इथं ओढा आहे हे मला त्या रात्री कळलं. चार वर्षं मी त्याला नाला म्हणत होते."

मग आम्ही हललो. कुणीतरी सांगितलं, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. वकील लागत नाही, खर्च फारसा नाही. हा कायदा शेतजमिनीच्या नुकसानीसाठी, म्हणून अर्ज वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या नावानं केला. गटाचा नकाशा, फोटो, माझ्या वहीतली मापं जोडली. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात दाखल केला. पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलानं एक पान वाचून दाखवलं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आणावा लागतो. नळ्या डिसेंबरात टाकलेल्या. आम्ही अकराव्या महिन्यात गेलो होतो. नुकसान जुलैत झालं, मुदत तिथून धरा, असं आमचं म्हणणं. नळ्या गाडल्या तेव्हापासून धरा, असं त्यांचं. आणि नळ्या कधी गाडल्या याचा सगळ्यांत पक्का पुरावा कोणता? माझी वही. तारीख घालून लिहायची खात्याची सवय मला नडली. अर्ज फेटाळला गेला.

हे वाचणाऱ्या कुणाच्या शिवारात आज ओढ्यावर मुरूम पडत असेल, तर सहा महिने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

पुढच्या वर्षी नगरपंचायतीची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. पुढच्या वीस वर्षांत गाव कसं वाढावं त्याचा हा नकाशा. पिवळा रहिवासी, हिरवा शेती, निळा पाण्याचा. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणं तो लोकांपुढं ठेवायचा आणि तीस दिवसांत हरकती-सूचना घ्यायच्या. तो ठेवलाही. कार्यालयाच्या जिन्यात, पुरुषभर उंचीवर, ट्यूबलाइट गेलेली होती तिथं. लोक मोबाइलच्या उजेडात आपला गट शोधायचे, सापडला नाही की घरी जायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी एक जण नकाशाकडं पाठ करून माझी वाट बघत उभा होता. "सर्व्हेअर साहेब, ह्यात माझं घर पिवळ्यात हाय का हिरव्यात?" त्याचं घर एका अठरा मीटर रस्त्यात होतं.

त्या दिवसापासून माझ्या वरच्या खोलीत नकाशा पसरला गेला. महिनाभर संध्याकाळी सात ते दहा. शुल्क भरून आणलेली प्रत, चार कोपऱ्यांना चार वरवंटे. इतकी वर्षं मी लोकांच्या हद्दी दाखवल्या, पण लोकांना नेमकी कशाची भीती वाटते हे मला त्या महिन्यात कळलं. पेपरात त्याला 'विकासाला विरोध' म्हणतात. माझ्या खोलीत आलेल्यांत विकासाला विरोध करणारा एकही नव्हता. निम्म्यांच्या पोरांना त्याच बांधकामावर काम मिळालं होतं. वाळू-खडीवाला येऊन बसायचा, किराणावाला यायचा, दूधवाला तर खुशीत होता. त्यांचे प्रश्न बारीक होते. एकशे दहा घरांचं सांडपाणी कुठं जाणार? शोषखड्डे पावसाळ्यात भरले की खालच्या विहिरींचं काय? मसणवट्याची वाट आता वसाहतीच्या फाटकातून जाते, रात्री अपरात्री मयत झालं तर रखवालदार सोडणार का? बैलगाडी चालेल का? बायकांना सगळ्यांत जास्त घोर पाण्याचा. नळयोजना झाली तेव्हा ग्रामीण भागाला माणशी दिवसाला चाळीस लिटरचं माप होतं. पुढं 'जलजीवन मिशन'मध्ये खेड्यांसाठी ते पंचावन्न धरलं, पण आम्ही तोवर नगरपंचायत झालो होतो, म्हणजे कागदोपत्री शहर. शहराचं माप सांडपाण्याची गटार नसली तरी सत्तर, असली तर एकशे पस्तीस. माप वाढलं, टाकी तीच. त्यात प्रत्येक बंगल्याच्या चित्रात एक निळी पोहण्याची टाकी.

आणि नकाशात ओढा नव्हता. म्हसोबाच्या माळापर्यंत निळी रेघ येते, आमच्या गटाच्या हद्दीवर थांबते, आणि खालच्या आळीच्या मागं पुन्हा सुरू होते. मधला तुकडा पिवळा. ज्यानं पाहणी केली त्याला दोष देणं सोपं आहे. पण तो आला तेव्हा तिथं मुरमाचा रस्ता होता, त्यानं दिसलं ते काढलं. मीही त्याच्या जागी तेच काढलं असतं. जुना गाव नकाशा उघडून बघितला असता का? खरं सांगायचं तर शुक्रवारी दुपारी नसता बघितला.

चुलतभाऊ त्या महिन्यात रोज यायचा आणि दारातल्या खुर्चीवर बसायचा. बोलायचा नाही, लोकांना पाणी द्यायचा. गावात त्याला तोंडावर कुणी बोललं नव्हतं, पण पारावर त्याच्यासाठी जागा सरकेनाशी झाली होती. मी पेन्शनर, इंग्रजीत अर्ज लिहिणारा, म्हणून मला माफी, आणि त्याला नाही. एका रात्री सगळे गेल्यावर म्हणाला, "आण्णा, सही पाच जणांची हाय. पर वढा मी इकला म्हंत्यात."

एकशे चाळीसच्या वर हरकती गेल्या. सुनावणी नियोजन समितीपुढं, नगरपंचायतीच्या सभागृहात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. बहुतेक जण आपापल्या आरक्षणाबद्दल बोलले, ते साहजिकच आहे. खालच्या आळीतल्या एक मावशी उभ्या राहिल्या. त्यांची हरकत मीच लिहून दिली होती, कलमं घालून, झकास. त्यांनी तो कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "साहेब, माझी जुंधळ्याची कोठी भिजली. पुढच्या साली भिजली तर कुणाकडं यायचं, तेवढं नाव ह्या कागदावर लिहून द्या." समितीतले एक गृहस्थ हसले, मग थांबले. कुणी नाव लिहून दिलं नाही. इतिवृत्तात तिथं 'हरकतदारांनी पुराबाबत चिंता व्यक्त केली' एवढीच ओळ आहे.

माझी पाळी आली. गाव नकाशा, गट नकाशा, नळ्यांचं गणित सगळं मांडलं. जमीन महसूल संहितेचं कलम २०ही सांगितलं. नद्या, ओढे, नाले यांची पात्रं, ज्यांवर कुणाची रीतसर मालकी नाही ती सरकारची. तेव्हा घरांच्या योजनेच्या बाजूनं आलेला तरुण वास्तुरचनाकार उठला. आवाज चढवला नाही. त्यानं खरेदीखताची प्रत पुढं केली. "काका, शेवटच्या पानावरची तिसरी सही तुमचीच ना? यात संपूर्ण क्षेत्राचा मोबदला घेतल्याचं लिहिलंय."

"माझीच आहे," मी म्हणालो.

सभागृहात मागून कुणीतरी 'अरेरे' म्हणाल्याचं ऐकू आलं. तो आवाज ओळखीचा होता, नाव सांगत नाही. मला वाटलं होतं तेवढी लाज त्या क्षणी वाटली नाही. ती आधीच वाटून झाली होती. मी एवढंच म्हणालो की पैसे घेतले ते चूक केली, परत मागितले तर माझा हिस्सा देईन. पण मी पैसे घेतले म्हणून माळावरचं पाणी दुसरीकडून जाणार नाही. गटात धरलेल्या पोटखराब्याची मालकी कुणाची यावर वाद घालायला जागा आहे, आणि तो वकिलांनी खुशाल वीस वर्षं घालावा. पाण्याला जून ते सप्टेंबर एवढाच वेळ असतो.

वास्तुरचनाकार पोरगा बाहेर भेटला. म्हणाला, "काका, मला सर्व्हेमध्ये ओढा दिला असता तर मी तिथं पूल काढला असता. मला सपाट प्लॉट दिला." मला त्याचं पटलं. आम्हीच तो सपाट भावानं विकला होता.

आता त्या वसाहतीत तीसेक घरांत माणसं राहतात. बाकीचे शनिवार-रविवार. राहणाऱ्यांत पिंपरीहून आलेलं एक निवृत्त जोडपं आहे, दोघंही कारखान्यातले. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत खालून ओली झाली आणि शौचालयाची टाकी उफाळली. वहिनींनी रखवालदाराला विचारलं, त्यानं त्यांना माझ्याकडं पाठवलं. मी गाव नकाशा उघडून दाखवला. त्यांचं घर ओढ्याच्या डाव्या काठावर येत होतं. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. मग भाऊ म्हणाले, "आम्ही महारेराची नोंदणी बघून घर घेतलं हो. सगळी कागदपत्रं तपासली." तपासली होतीच. कागदपत्रांत ओढा नव्हता, तर तो तपासणार कुठून? आता आमच्या अर्जांवर त्यांची सही पहिली असते. बाहेरच्यांनी येऊन गाव बिघडवलं असं बोलणाऱ्यांना मी त्यांच्या घरी चहाला नेतो.

समितीनं अहवालात ओढ्याची निळी रेघ पुरी करावी आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी अशी शिफारस केली. विकास योजना अंतिम मंजुरीसाठी सरकारकडं गेली आहे. तिथून ती कोणत्या रंगाची परत येते ते बघायचं. मसणवट्याच्या वाटेवर फाटक आहे, पण कुलूप काढलंय. हे मात्र अर्जानं झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक मयत तिथं अर्धा तास थांबलं, त्यानंतर झालं.

या मे महिन्यात, रविवार धरून, आम्ही नऊ जण फावडी घेऊन नळ्यांच्या तोंडाशी गेलो. चुलतभाऊ, पिंपरीचे भाऊ, वरच्या अंगाचा तो शेतकरी, मावशींचा नातू आणि आणखी चौघं. गुडघा दुखतो म्हणून चुलतभावानं बसून घमेली भरली, पण दिवस मोडला नाही. चार रविवारांत दोन ट्रॉल्या गाळ निघाला. मधली आणि उजवी नळी मोकळी झाली. डावीच्या तोंडात काँक्रीटचा मोठा तुकडा अडकलाय, तो पोकलेनशिवाय हलत नाही. पोकलेनसाठी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, तारीख घालून वहीत लिहिलंय. पाऊस सात जूनला आला.